बोटभर माणसांची उंची नक्की किती ठेवायची?

प्रश्न थोडक्यात असा: गोव्यातल्या फोंडा तालुक्यात एका कुळागरातल्या, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेतल्या, जुन्या घरात चिमुकली माणसं राहतात, त्यांच्यावर किशोरांसाठी कादंबरी लिहायची आहे. माणसं ‘अंगठ्याएवढी’ ठरवली आहेत. तिसऱ्या प्रकरणात नायक मागल्या दाराची कडी काढतो, सातव्यात तो हुमल्यावर बसून आंब्यावर चढतो आणि चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, दिवशी सगळी वस्ती माटोळीत, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगलेल्या चौकटीत, लपते. वाचणाऱ्यांना काहीतरी खटकतं, पण काय ते कुणाला सांगता येत नाही. तर उंची किती ठेवावी?

खटकतं ते असं की या तीन प्रसंगांत तीन वेगवेगळ्या उंचीची माणसं आहेत. हुमला, म्हणजे आंब्याची पानं विणून घरटं करणारी तांबडी मुंगी, जेमतेम एक सेंटीमीटर लांब असते. घोड्यावर बसावं तसं तिच्यावर बसायचं तर माणूस सात मिलिमीटरचा हवा, म्हणजे आपल्या २४० व्या हिश्शाएवढा, १:२४० चा. जुन्या दाराची घट्ट कडी सरकवायला अर्धा-पाऊण किलोची ओढ लागते. ती एकट्याने काढणारा माणूस निदान २४ सेंटीमीटरचा, म्हणजे १:७ चा हवा. अंगठा साधारण सहा सेंटीमीटरचा, तो १:२८. वाचक गणित मांडत नाही, पण आपल्या स्वयंपाकघराचा, दाराचा, मुंग्यांचा अंदाज त्याच्या अंगात मुरलेला असतो. तो अंदाज मोडला की त्याचा विश्वास उडतो.

म्हणून उंचीपासून सुरुवात करू नका. वस्तूंपासून करा. मोठ्या माणसांच्या कोणकोणत्या वस्तूंना तुमच्या लहान माणसांचा हात लागणार आहे, त्यांची वीस-पंचवीस नावांची यादी लिहा: कडी, पायरी, समई, करवंटी, नाणं, तांदळाचं पोतं, पाल, मांजर, पाटाचं पाणी. मग त्या खरोखर मोजा. पायरीला टेप लावा. कडीला दोरी बांधून लटकता काटा अडकवा आणि किती वजनाला ती सरकते ते पाहा. विजेचं बटण दाबायला किती जोर लागतो ते स्वयंपाकघरातला वजनकाटा बटणाशी उभा धरून कळतं. यातल्या ज्या दोन-तीन वस्तूंवर कथानक अडलंय, त्याच उंची ठरवतात. बाकीच्यांनी त्या उंचीशी जुळवून घ्यायचं.

हिशेबाला तीन नियम पुरतात. प्रमाण १:न असेल (‘न’ हा आकडा, उदाहरणार्थ २४) तर लांबी न पटीने कमी होते, ताकद न गुणिले न पटीने आणि वजन न गुणिले न गुणिले न पटीने. स्नायूचा जोर त्याच्या आडव्या छेदावर असतो आणि वजन घनफळावर, त्यामुळे हा फरक पडतो. गॅलिलिओने १६३८ साली हाडांच्या जाडीबद्दल हेच दाखवून दिलं होतं. ६० किलो वजनाचा आणि ५ फूट ६ इंचाचा माणूस धरा. १:१२ ला तो १४ सेंटीमीटर आणि ३५ ग्रॅम होतो, १:२४ ला ७ सेंटीमीटर आणि ४.३ ग्रॅम, आणि १:१०० ला १.७ सेंटीमीटर आणि ०.०६ ग्रॅम. आपण ३० किलो ओढू शकतो असं मानलं तर १:१२ चा माणूस २०८ ग्रॅम ओढेल आणि १:२४ चा ५२ ग्रॅम. म्हणजे ७ सेंटीमीटरचा माणूस स्वतःच्या बारापट वजन ओढतो.

लिहिताना हेच उलटं वापरायचं. वस्तू त्याला केवढी दिसेल? लांबी गुणिले न. किती जड वाटेल? वजन गुणिले न गुणिले न. २०११ च्या मालिकेतलं एक रुपयाचं नाणं २२ मिलिमीटरचं आणि ३.८ ग्रॅमचं. १:२४ च्या माणसाला ते अर्ध्या मीटरहून थोडं मोठं आणि सव्वादोन किलो वजनाचं वाटेल. नाण्याचं वजन जवळजवळ त्याच्या स्वतःएवढं आहे, तरी तो ते काखेत मारून चालू शकतो. बहुतेक लेखक इथे त्याला घाम फोडतात, नाणं ढकलत न्यायला लावतात. तो माणूस अशक्त वाटतो आणि वाचकाला कारण कळत नाही.

आता खालची मर्यादा. उष्ण रक्ताचा प्राणी फार लहान असू शकत नाही, कारण अंगाचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने वाढत जातो आणि उष्णता निसटते. वजनाने सर्वांत लहान सस्तन प्राणी एक जातीची चिचुंदरी आहे, सुमारे दोन ग्रॅमची. तिचं हृदय मिनिटाला हजाराच्या वर ठोके देऊ शकतं आणि रोज ती स्वतःच्या वजनापेक्षा जास्त खाते. माणसाच्या घडणीत दोन ग्रॅम म्हणजे साधारण १:३१, उंची साडेपाच सेंटीमीटरच्या आत. त्याखाली गेलात तर अंग गरम ठेवणारा माणूस राहत नाही, कीटकासारखं शरीर मानावं लागतं. तसं मानायला हरकत नाही, पण मग त्याच्या थंडी-तापाचं वर्णन करू नका.

लपून राहायचं असेल तर अन्नाचा हिशेब फार महत्त्वाचा, आणि इथे घनाचा नियम फसवतो. गलिव्हरच्या गोष्टीत १:१२ च्या माणसांनी एका मोठ्या माणसाचं खाणं घनाने काढलं, १२ चा घन १,७२८. पण शरीराची भूक वजनाच्या पाऊण घाताने चालते, म्हणजे वजन जितक्या पटीने घटतं तितकी भूक घटत नाही, हे शास्त्रज्ञ माक्स क्लायबरने १९३२ मध्ये मांडलं. त्या हिशेबाने एका मोठ्या माणसाच्या अन्नात १,७२८ नव्हे, तर २७० च्या आसपास लहान माणसं जेवतील. १४ सेंटीमीटरच्या माणसाला हिंडताफिरताना दिवसाला दहा किलोकॅलरी लागतात, म्हणजे तीनेक ग्रॅम उकडे तांदूळ. ७ सेंटीमीटरच्याला दोन-सव्वादोन किलोकॅलरी, म्हणजे तांदळाचे पंचवीस-तीस दाणे. शिजल्यावर तो भात त्याच्या वजनाच्या ४० टक्के होतो. म्हणजे तो दिवसभर थोडं थोडं खातच असणार. एकादशीचा कडक उपास त्याला झेपणार नाही.

आता वस्ती दोनशेंची धरा. १४ सेंटीमीटरची माणसं असतील तर रोज अर्ध्या किलोहून जास्त तांदूळ जातो. महिन्याला सतरा-अठरा किलो. घरातल्या आजीच्या ते आठ दिवसांत लक्षात येईल. ७ सेंटीमीटरची असतील तर रोज सव्वाशे ग्रॅम, म्हणजे उंदरांच्या नावावर खपून जाणारी चोरी. तुमच्या कथेत वस्ती गुपित आहे, तेव्हा माझ्या मते फक्त याच एका कारणासाठी १:१२ बाद करावं. वस्ती पाच-सहाजणांचीच असती तर मी उलट सल्ला दिला असता, कारण १४ सेंटीमीटरचा माणूस लिहायला सोपा, चित्रात छान दिसतो आणि बाहुलीघरांचं प्रचलित प्रमाणही १:१२ च आहे.

गोव्यात गोष्ट घडते म्हटल्यावर पाऊस आलाच, आणि लहान माणसांच्या गोष्टी सगळ्यांत जास्त चुकतात त्या पाण्यात. ओलं झाल्यावर अंगावर साधारण अर्ध्या मिलिमीटरचा पाण्याचा थर राहतो. आपल्याला तो वजनाच्या दीड टक्का. १:१२ ला १७ टक्के, १:२४ ला ३४ टक्के. १:१०० ला तो माणसाच्या स्वतःच्या वजनाहून जास्त होतो. ७ सेंटीमीटरचा माणूस पाटात पडून बाहेर आला तर अंगावर दीड ग्रॅम पाणी असतं. ते अंगावरच सुकू दिलं तर दिवसभराच्या अन्नातल्या ऊर्जेच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त उष्णता त्यात जाते. म्हणजे त्याला पुसून कोरडं करणं हा जिवाचा प्रश्न आहे. वस्तीच्या प्रत्येक दाराशी सुकलेलं शेवाळ किंवा कापूस टांगलेला दाखवा. कुळागरातल्या माणसांना ही गोष्ट पहिल्या पावसात कळलेली असणार.

मोठ्या सरीतला थेंब पाच मिलिमीटरपर्यंत जातो, वजन सुमारे ६५ मिलिग्रॅम, वेग सेकंदाला नऊ मीटरच्या आसपास. ४.३ ग्रॅमच्या माणसाला तो सणसणीत लागेल, पण पाडणार नाही. १.७ सेंटीमीटरच्या माणसाएवढंच त्या थेंबाचं वजन आहे. असा माणूस आडवा होईल आणि पाण्यात चिकटून राहील.

पाणी पिण्याचा प्रसंगही नीट तपासा. आपल्या पेल्याचं तोंड सात सेंटीमीटरचं, १:२४ ला ते तीन मिलिमीटर. एवढ्या अरुंद तोंडाचा पेला उलटा केला तरी पाणी सांडत नाही, पृष्ठताण, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागाची ओढ, ते धरून ठेवतो. त्यामुळे चहाचा कप ओठाला लावणं, लोट्याने पाणी ओतणं, हे प्रसंग ७ सेंटीमीटरला होतच नाहीत. पाणी पानावर मण्यासारखं उभं राहील, त्याला तोंड लावून ओढून घ्यावं लागेल, किंवा सुताचा बोळा बुडवून पिळावा लागेल. फेणीचा पृष्ठताण पाण्याच्या निम्म्याच्या आसपास असल्याने ती ओतायला सोपी जाईल. रिठ्याच्या पाण्याचाही पृष्ठताण कमी असतो. वस्तीत रिठ्याला मोठी किंमत असेल, आणि यातून एक अख्खं प्रकरण निघू शकतं.

या बाबतीत आपल्याकडचा जुना दाखला फार नेमका आहे. महाभारताच्या आदिपर्वात वालखिल्य ऋषी अंगठ्याएवढे आहेत. कश्यपाच्या यज्ञासाठी ते सगळे मिळून पळसाचं एक देठ नेत असतात आणि गाईच्या खुराच्या ठशात साचलेल्या पाण्यात बुडू लागतात. इंद्र हसतो आणि पुढचं सगळं गरुडाचं आख्यान त्यातून घडतं. मोजून पाहिलं तर सहा सेंटीमीटरच्या माणसाला चार-पाच सेंटीमीटर खोल खूरठसा म्हणजे गळ्या-नाकाशी येणारं पाणी. देठ मात्र एकट्यालाही उचललं असतं, पण ऋषी उपासाने कृश झालेत असं तिथे सांगितलेलं आहे, त्यामुळे तेही जुळतं. सबंध प्रसंग एका खुराच्या ठशावर उभा आहे आणि उंचीचा आकडा पुन्हा सांगावा लागत नाही. तुम्हालाही हेच साधायचं आहे.

माटोळीवरून पडण्याबद्दल. लहान माणूस कुठूनही पडला तरी त्याला काही होत नाही, ही समजूत अर्धवट खरी आहे. लहान अंगाला हवेचा अडथळा जास्त, म्हणून त्याचा कमाल वेग कमी. पण तो वेग गाठण्याआधीच्या पडण्यात त्याला काही सवलत नाही. हाडामांसाची जात तीच धरली तर दोन मीटरवरून पडल्यावर त्याला आपल्याएवढंच लागतं, कारण वजन घटतं तसंच थांबायला मिळणारं अंतर आणि हाडांचा आडवा छेदही घटतो. फायदा वरच्या बाजूला आहे. आपला कमाल वेग साधारण १५५ मीटरच्या मोकळ्या पडण्याएवढा. त्याला प्रमाणाने भागा: १:१२ ला १३ मीटर, १:२४ ला साडेसहा मीटरच्या आत, १:१०० ला दीड मीटर. म्हणजे तुमचा ७ सेंटीमीटरचा माणूस माडाच्या शेंड्यावरून पडो की कौलांच्या छपरावरून, साडेसहा मीटरहून वाईट त्याला पडता येत नाही. पण साडेसहा मीटर म्हणजे मरण्याची शक्यता आहेच. माटोळी दोन मीटरवर असेल तर पाय मोडू शकतो. कपडा पसरून उडी मारली तर वाचेल, आणि वस्तीतल्या मुलांना ते लहानपणीच शिकवलेलं असणार.

चालण्याचा वेग प्रमाणाने थेट भागू नका, प्रमाणाच्या वर्गमुळाने भागा. आपण तासाला पाच किलोमीटर चाललो तर १:२४ चा माणूस एक किलोमीटर चालेल, पायांची लगबग मात्र आपल्या पाचपट. पणजी-फोंडा साधारण तीस किलोमीटर, त्याला सपाट रस्त्यावर तीस तासांची चाल. सपाट रस्ता मिळणार नाही, ही वेगळी गोष्ट. १८ सेंटीमीटरची चिऱ्याची पायरी त्याला सव्वाचार मीटरची भिंत आहे. पण चिरा खडबडीत, भोकाभोकांचा, आणि माणूस अंगाच्या मानाने चोवीसपट बळकट. तो चिऱ्यावरून सरसर चढेल. संगमरवरी फरशी घातलेली पायरी मात्र त्याला अडवेल. घराचं नूतनीकरण हे वस्तीवरचं संकट म्हणून वापरता येईल.

आवाज आणि डोळे यांबाबत थोडक्यात. स्वरतंतू लहान झाले की स्वर त्याच पटीने चढतो. पुरुषाचा १२० हर्ट्झचा आवाज १:२४ ला २,९०० च्या आसपास जातो, आणि ज्या घुमण्यावरून आपण ‘आ’ आणि ‘ई’ वेगळे ओळखतो ते आपल्या कानाच्या टप्प्याच्या कडेला किंवा पलीकडे जातं. मोठ्या माणसाला शब्द ऐकू येणार नाहीत, किडा किरकिरल्यासारखं वाटेल. दोघांचं संभाषण हवं असेल तर वाट आधी ठरवा: खुणा, पाटीवर लिहिणं, किंवा सरळ जादू. बुबुळाचं छिद्र लहान झाल्याने दूरची नजरही मंदावते. १:२४ ला आपल्याहून दहा-पंधरा पटींनी. अंगणापलीकडच्या माणसाचा चेहरा त्यांना ओळखता येणार नाही. चित्रकाराला डोळे मोठे काढायला सांगा, म्हणजे ही अडचण बरीच कमी होते.

मेंदूला मात्र शास्त्रात वाट नाही. १,३५० ग्रॅमचा मेंदू १:२४ ला ०.१ ग्रॅम होतो, घरातल्या उंदराहूनही कमी, आणि पेशी काही लहान होत नाहीत. इथे सूट घ्या. एक सूट वाचक आनंदाने देतो. ‘बुद्धी आपल्याएवढीच’ ही तुमची सूट ठरली की पाणी, भूक, पडणं, ओढणं यांत काटेकोर राहा. प्रत्येक प्रकरणात नवी सूट घेतली की मग कुठलंच संकट खरं वाटत नाही.

या सगळ्यावरून माझं उत्तर १:२४, उंची सात सेंटीमीटर. ‘अंगठ्याएवढी’ ऐवजी ‘मधल्या बोटाएवढी’ लिहा. हिशेबालाही हे प्रमाण सोयीचं आहे, अर्धा इंच म्हणजे त्यांचा एक फूट. पुठ्ठ्याची सात सेंटीमीटरची आकृती कापा, ज्या-त्या ठिकाणी उभी करा आणि मोबाइल जमिनीला टेकवून तिच्या डोळ्यांच्या उंचीवरून, साडेसहा सेंटीमीटरवरून, फोटो काढा. ओसरी, चूल, तुळशी वृंदावन, पाटाचा काठ. अर्धी वर्णनं त्या फोटोंतूनच मिळतील. एक कागदी पट्टी करून अर्ध्या-अर्ध्या इंचावर त्यांचे फूट मांडा आणि टेबलावर चिकटवा. पहिला खर्डा झाला की फक्त वस्तूंसाठी एक वाचन करा: प्रत्येक वस्तूखाली रेघ, समासात तिचं खरं माप आणि त्यांच्या नजरेतलं माप. इथे नेहमीच्या चुका सापडतात. काडेपेटीची खाट घ्या: काडेपेटी पाच सेंटीमीटरची, सात सेंटीमीटरच्या माणसाचे पाय बाहेर. कापडही तसंच. ०.२ मिलिमीटरचा धागा त्यांना पाच मिलिमीटरचा दोर, म्हणजे आपलं मऊसूत मलमलही त्यांच्या अंगावर चटईसारखं ताठ राहणार. नेसायला कोळ्याचं जाळं, केळीच्या सोपाचे बारीक तंतू, किड्यांचं रेशीम असं काही शोधा. समईची दोन सेंटीमीटरची ज्योत त्यांना अर्ध्या मीटरची आग आहे, आणि ज्योत हवी तेवढी लहान करता येत नाही. त्यांच्या घरात दिवा नसेल. काजवे असतील.

आता दोन प्रकरणांची दुरुस्ती. कडी सहाशे ग्रॅमला सरकत असेल तर बारा माणसं लागतील, प्रत्येकाची ओढ बावन्न ग्रॅम. सुंभाचा एक धागा कडीला बांधून बारा जणांनी एका तालावर ओढायचं. एकट्या नायकाच्या पराक्रमापेक्षा हा प्रसंग जास्त रंगेल, कारण अकराच जण वेळेवर पोचले तर कडी हलणार नाही.

हुमल्यावरची स्वारी सोडून द्या. सात सेंटीमीटरच्या माणसाला हुमला वीतभराचा किडा आहे, एकटा निरुपद्रवी आणि शेकड्यांनी जीवघेणा. आंब्यावर त्यांना शत्रू म्हणून ठेवा. पाल वजनाने त्याच्या बरोबरीची, लांबीला त्यांच्या हिशेबाने पावणेतीन-तीन मीटर. ती त्याला गिळू शकत नाही, पण किड्यावरून भांडेल. झुरळ एक ग्रॅमचं, म्हणजे आपल्याला मध्यम कुत्रा. बसायला जनावर हवं तर घरातली चिचुंदरी घ्या. मादी तीस-पस्तीस ग्रॅमची, स्वाराच्या सात-आठपट, घोडा आणि माणूस यांच्यातलं नातं साधारण तेवढंच असतं. ती भिंतीच्या कडेने पळते, दृष्टी अधू, नाक तीक्ष्ण, वास उग्र, मांजर तिला सहसा खात नाही. ती किडेखाऊ आहे आणि चावते, तेव्हा माणसाळवण्याला वेळ द्या. तिची पिल्लं एकमेकांच्या शेपटीचं मूळ तोंडात धरून आईमागे रांगेने चालतात, तेव्हा पाच-सहा स्वारांची एक ओळ रात्री कोठीच्या भिंतीकडेने सरळ तांदळाच्या पोत्यापर्यंत जाऊ शकते.